निधीच्या करारपत्रातले एक वाक्य

आईच्या मागे उरलेल्या ठेवी तिच्या नावाने एखाद्या चांगल्या कामाला लावाव्यात, असे आम्हा तिन्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा आमच्या भागातल्या सामुदायिक प्रतिष्ठानाचे, म्हणजे अनेकांच्या देणग्या एकत्र सांभाळून त्यांतून स्थानिक संस्थांना अनुदाने देणाऱ्या संस्थेचे, नाव मीच सुचवले. त्या प्रतिष्ठानाशी माझी ओळख जुनी होती. त्याआधीची सात वर्षे मी तिथे एका लहान संस्थेची कोषाध्यक्ष म्हणून अनुदान मागायला जात होते. त्यामुळे त्यांचे अर्ज, त्यांच्या समित्या आणि त्यांचे प्रश्न मला पाठ आहेत, असा माझा समज होता. प्रत्यक्षात देणगीदार म्हणून गेल्यावर करारपत्रातल्या एका वाक्यावर आम्ही दोन महिने अडलो, आणि त्या दोन महिन्यांत मला माझ्याच सात वर्षांच्या तक्रारींकडे नव्याने पाहावे लागले.

आमची संस्था घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी रुग्णोपयोगी साहित्य उसने देते. वरखाली करता येणाऱ्या खाटा, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायच्या हवेच्या गाद्या, असे ते साहित्य असते. काम झाले की ते परत यावे, स्वच्छ व्हावे आणि पुढच्या घरी जावे, एवढीच आमची योजना. वस्तूंसाठी देणगी मिळवणे आम्हाला कधी जड गेले नाही, कारण खुर्ची डोळ्यांना दिसते, तिच्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ पाटी लावता येते. खुर्चीचे निखळलेले चाक बसवायला, परत आलेली गादी निर्जंतुक करणाऱ्या माणसाचा पगार द्यायला, गोदामाचे भाडे भरायला मात्र पैसे मिळत नसत. नव्या खुर्च्या ठेवायला जागा नव्हती, कारण ती जागा दुरुस्तीवाचून पडून राहिलेल्या खुर्च्यांनी अडवली होती. हिशेबाच्या वहीत शिल्लक दिसे, पण तिच्यातला प्रत्येक रुपया कोणत्या ना कोणत्या नव्या वस्तूसाठी बांधलेला असे. अशा सशर्त देणग्यांविषयी मी कार्यकारी मंडळाच्या बैठकांत किती वेळा चिडून बोलले असेन, याची गणती नाही.

पहिला अर्ज आम्ही अर्थातच खाटांसाठी केला, कारण मागायचे ते वस्तूसाठीच, ही सवय आम्हालाही लागली होती. नोंदणीची कागदपत्रे, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी, त्यांचे परस्परांशी नाते असल्यास त्याचा उल्लेख, पुढील वर्षाचा अंदाज, सारे जोडले. अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीचे पत्र कोरडे होते, पण त्याच्या शेवटी कारणे जाणून घ्यायची असल्यास बोलावे, असे लिहिले होते, म्हणून मी बोलले. अनुदानांचे काम पाहणाऱ्या बाईंनी मला विचारले, "तुमची परत आलेली खाट पुन्हा कोणाच्या तरी घरी जाण्यायोग्य व्हायला साधारण किती दिवस लागतात?" मला सांगता आले नाही. आमच्याकडे किती खाटा आहेत हे मला ठाऊक होते, कोणत्या वर्षी कोणी दिल्या हेही ठाऊक होते, पण खाट मोकळी झाल्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंतचा काळ आम्ही कधी मोजलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "तो आकडा कळला, तर तुम्हाला खाटा कमी पडतात की माणूस, तेही कळेल."

त्या नकाराबरोबर जे मिळाले त्याची किंमत मी अनुदानाइतकीच मानते. प्रतिष्ठानाने एक अनुभवी हिशेबनीस काही दिवसांसाठी आमच्याकडे पाठवला. ठरावीक हेतूसाठी आलेला पैसा आणि मुक्त पैसा यांचे रकाने त्याने वेगळे केले, आणि एक खाट वर्षभर फिरती ठेवायला खरोखर किती खर्च येतो, तो आकडा आमच्याकडून काढून घेतला. परिसरात असेच काम करणाऱ्या आणखी दोन संस्था आहेत, ही माहितीही त्यांच्याकडूनच मिळाली. आम्ही तिघे एकमेकांना नावाने ओळखत होतो, पण एकाच घरातून तिघांकडे मागणी येते आणि तिघेही आपापल्या वहीत ती स्वतंत्र गरज म्हणून मोजतात, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आज आमची साठ्याची नोंदवही सामायिक आहे. अशी गोष्ट बाहेरच्या, पण त्याच भागात मुरलेल्या एखाद्या संस्थेनेच जुळवून आणायची असते. आमच्यापैकी कोणी पुढाकार घेतला असता, तर बाकीच्यांना त्यात कुरघोडीचा वास आला असता.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज दुरुस्ती, पगार आणि गोदाम यांसाठी होता. प्रतिष्ठानाचे दोघे जण पाहणीला आले आणि दिवसातला बराच वेळ त्यांनी आमच्याशी बोलण्यापेक्षा गाद्या धुणाऱ्या कामगाराशी बोलण्यात घालवला. अनुदान समितीत आमचे एक जुने देणगीदार सदस्य होते. आमचा अर्ज चर्चेला आला तेव्हा ते बैठकीतून उठून बाहेर गेले आणि तशी नोंद इतिवृत्तात झाली, हे मला नंतर कळले. अनुदान मागितल्यापेक्षा कमी मिळाले, पण दोन वर्षांसाठी मिळाले, आणि मंजुरीच्या पत्रात ते संस्थेच्या सर्वसाधारण कार्यासाठी आहे असे लिहिले होते. ते तीन शब्द मी अध्यक्षांना मोठ्याने वाचून दाखवले. अहवालाचा नमुना दोन पानांचा होता आणि त्यात एक प्रश्न असा होता, की ठरवल्याप्रमाणे काय घडले नाही. पहिल्या वर्षी आम्ही त्याचे उत्तर फार जपून दिले. दुसऱ्या वर्षी खरे लिहिले, की आम्ही नेमलेला माणूस चार महिन्यांत काम सोडून गेला आणि दुसरा मिळेपर्यंत खाटा पडून राहिल्या. त्याबद्दल आम्हाला कोणी बोल लावला नाही. पुढचा हप्ता वेळेवर आला.

२०२० साली साथ आली तेव्हा अनेक देशांतल्या सामुदायिक प्रतिष्ठानांनी तातडीचे निधी उभारले आणि आधी दिलेल्या अनुदानांच्या अटी सैल केल्या. आम्हालाही पत्र आले. मंजूर रक्कम हव्या त्या गरजेसाठी वापरावी आणि अहवालाची घाई करू नये, एवढाच त्याचा आशय होता. ज्यांना आमचे हिशेब आणि आमचे गोदाम आधीपासून माहीत होते, त्यांनाच इतके थोडक्यात लिहिणे शक्य होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आई गेल्यानंतर वर्षभराने आम्ही भावंडे त्याच इमारतीत गेलो. या वेळी आमच्याशी देणगीदारांचे काम पाहणारे एक ज्येष्ठ अधिकारी बोलले. निधीचे किती प्रकार असतात हे त्यांनी आधी सांगितले. रक्कम प्रतिष्ठानाच्या सर्वसाधारण निधीत द्यावी आणि दरवर्षी कुठे गरज आहे ते त्यांनी ठरवावे, हा एक. आरोग्य, शिक्षण असे क्षेत्र नेमून द्यावे, हा दुसरा. एखाद्या विशिष्ट संस्थेच्या नावे कायमचा निधी ठेवावा, विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवावी, किंवा दरवर्षी देणगीदाराने शिफारस करावी असा सल्ला-निधी काढावा, हे आणखी. सल्ला-निधीच्या बाबतीत त्यांनी स्पष्ट सांगितले, की दिलेली रक्कम प्रतिष्ठानाच्या मालकीची होते, ती परत मागता येत नाही, आणि देणगीदाराची शिफारस ही शिफारसच असते, आज्ञा नव्हे. न्यू यॉर्कच्या सामुदायिक ट्रस्टमध्ये १९३१ साली अशा निधीची सुरुवात झाली आणि आज तो देणगीदारांच्या सर्वांत आवडीच्या प्रकारांपैकी एक आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची शंका वेगळीच होती. आमची रक्कम मोठी नव्हती, आणि एवढ्याशा पैशासाठी एवढ्या मोठ्या संस्थेला त्रास देणे तिला बरे वाटत नव्हते. त्यावर अधिकाऱ्यांनी कॅनडातल्या विनिपेगची हकिकत सांगितली. तिथले प्रतिष्ठान १९२१ साली एका बँकरने दिलेल्या एक लाख डॉलरांवर उभे राहिले, आणि १९२४ साली त्याला जी दुसरी देणगी आली ती एका पाकिटातून, देणाऱ्याचे नाव न सांगता आली. पाकिटात पाच-पाच डॉलरांची तीन सोन्याची नाणी होती, आणि वर बायबलमधल्या, आपल्याजवळचे होते नव्हते ते देऊन टाकणाऱ्या गरीब विधवेचा उल्लेख होता. शंभर वर्षांनंतरही त्या प्रतिष्ठानाचे लोक ही पंधरा डॉलरांची देणगी त्या लाखाच्या बरोबरीने सांगतात. लहान रकमा एकत्र गुंतवल्या की त्यांची देखभाल परवडते, आणि एकेकट्याने ट्रस्ट नोंदवून, हिशेब तपासून घेऊन, विश्वस्त शोधून जे काम जमले नसते ते होते, असे त्यांनी समजावले. बहिणीचा संकोच तिथे संपला.

खरी अडचण पुढे आली. आई परिचारिका होती आणि निवृत्तीपूर्वी एका परिचर्या विद्यालयात शिकवत होती. आमची इच्छा अशी होती, की निधीच्या उत्पन्नातून दरवर्षी त्याच विद्यालयातल्या, त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या, वडील नसलेल्या एका मुलीला शिष्यवृत्ती मिळावी. भावाने हे सारे एका परिच्छेदात बांधेसूद लिहून आणले होते. अधिकाऱ्यांनी तो कागद शांतपणे वाचला आणि करारपत्राचा छापील नमुना आमच्यापुढे ठेवून त्यातल्या एका कलमावर बोट ठेवले. दिलेला हेतू काळाच्या ओघात अनावश्यक किंवा अशक्य झाला, अथवा समाजाच्या गरजांशी विसंगत ठरला, तर प्रतिष्ठानाचे विश्वस्त मंडळ तो मूळ इच्छेच्या शक्य तितक्या जवळ राहून बदलू शकेल, असे ते कलम होते.

भावाला ते अजिबात रुचले नाही. "म्हणजे नाव आईचे आणि इच्छा तुमची," असे तो म्हणाला. अधिकारी रागावले नाहीत. हे कलम म्हणजे सामुदायिक प्रतिष्ठानाचा कणा आहे, असे ते म्हणाले, आणि त्यांनी त्याचा इतिहास सांगितला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाचे एक बँकर होते. मृत माणसांनी मागे ठेवलेल्या ट्रस्टांची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या बँकेच्या व्यवसायाचा भाग होता. चांगल्या मनाने दिलेला पैसा कालबाह्य अटींत अडकून कसा निकामी होतो, याची त्यांना चांगली जाण होती. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या मानेवर राहू नये, या विचाराने त्यांनी १९१४ साली क्लीव्हलंड फाउंडेशन स्थापन केले. जगातले हे पहिले सामुदायिक प्रतिष्ठान. पैसा बँकेने सांभाळायचा, तो कुठे द्यायचा हे नागरिकांच्या समितीने ठरवायचे आणि हेतू जुना झाला तर तो बदलायची मुभा त्या समितीला असायची, अशी त्याची रचना होती.

मग त्यांनी दोन उदाहरणे दिली. सेंट लुइस शहरात ब्रायन मुलान्फी यांचा १८५१ साली मृत्यू झाला, तेव्हा आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनी पश्चिमेकडे वसायला निघालेल्या आणि त्या शहरातून जाणाऱ्या गरीब स्थलांतरितांच्या मदतीसाठी ठेवला होता. त्यांच्या हयातीत असे तांडे खरोखर येत. पुढे रेल्वे झाली, वसाहती झाल्या, तांडे थांबले, आणि निधी शिल्लक राहिला. दुसरे उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन यांचे. १७९० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्यांनी प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. एखाद्या कारागिराच्या हाताखाली शिकण्याची उमेदवारी पूर्ण केलेल्या, पंचवीस वर्षांखालच्या विवाहित कारागिरांना व्यवसाय सुरू करण्यासाठी त्यातून कर्ज द्यावे आणि ती रक्कम दोनशे वर्षे वाढू द्यावी, अशी त्यांची योजना होती. पण कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मागे पडली, आणि कर्ज घ्यायला तसे कारागीर मिळेनासे झाले. बोस्टनमध्ये त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणेच शंभर वर्षांनंतर मोकळ्या झालेल्या रकमेच्या एका भागातून पुढे एक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. "फ्रँकलिनसारख्या दूरदृष्टीच्या माणसाला जे दिसले नाही, ते आपल्याला दिसेल असे धरून चालायचे का?" एवढेच त्यांनी भावाला विचारले.

घरी आल्यावर आमचे बोलणे लांबत गेले. भावाचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नव्हता. हेतू बदलायचा अधिकार दिला की त्याचा गैरवापर होणार नाही याची हमी कोण देणार, आणि असा बदल करताना आमच्या मुलांना निदान विचारले तरी जाईल का, हे प्रश्न रास्तच होते. आम्ही ते लिहून पाठवले. उत्तर असे आले, की अधिकार वापरण्यापूर्वी हयात असलेल्या वारसांना लेखी कळवले जाईल आणि कारणे इतिवृत्तात नोंदवली जातील, हे करारात घालता येईल, पण वारसांची संमती बंधनकारक ठेवता येणार नाही. ते आम्हाला पटले. पटले नाही ते एवढेच, की मूळ हेतू किती अरुंद ठेवायचा.

त्या सुमारास एका संध्याकाळी मी संस्थेचे वार्षिक हिशेब तपासत होते. एका कुटुंबाने दिलेली रक्कम तीन वर्षे जशीच्या तशी पुढे ओढली जात होती, कारण ती एका विशिष्ट प्रकारच्या खाटेसाठी होती आणि ती खाट आता बाजारात मिळत नव्हती. त्या कुटुंबाच्या पत्त्यावर आम्ही पाठवलेली दोन्ही पत्रे परत आली होती. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. आईच्या विद्यालयात उद्या तो अभ्यासक्रम बंद झाला, विद्यालयच दुसरीकडे गेले, किंवा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्या अटीत बसणारी मुलगी एखाद्या वर्षी नसली, तर कोणत्या तरी कोषाध्यक्षाला आमची ओळ अशीच वर्षानुवर्षे पुढे ओढावी लागणार होती. ज्या अटींबद्दल मी सात वर्षे बोलत होते, त्या मी स्वतःच, आणि तितक्याच प्रेमाने, लिहायला निघाले होते. खुर्चीवर पाटी लावू मागणाऱ्या देणगीदारांना मी मनोमन संकुचित म्हणत आले होते. त्यांनाही आपले माणूस कुठेतरी दिसत राहावे, एवढेच हवे असणार.

दुसऱ्या दिवशी हिशेबाचे ते पान मी भावाला दाखवले. तो फार काही बोलला नाही, पण आठवड्याने त्याने स्वतःच नवे वाक्य लिहून आणले. "आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचे शिक्षण आणि त्यांचे काम यांना साहाय्य व्हावे, शक्य तेथे आर्थिक आधार नसलेल्या मुलींना प्राधान्य असावे." विद्यालयाचे नाव आम्ही करारातून काढले आणि सोबतच्या पत्रात घातले. आई कोण होती, तिने कुठे काम केले, तिला कशाची चाड होती, हे त्या पत्रात दीड पान लिहिले आहे. ते पत्र बंधनकारक नाही, पण निधीच्या कागदपत्रांसोबत कायम राहील आणि पुढच्या विश्वस्तांना वाचायला मिळेल.

उरलेली प्रक्रिया सोपी होती. मूळ रक्कम इतर निधींबरोबर एकत्र गुंतवली जाते. वाटपासाठी गेल्या तीन वर्षांतल्या निधीच्या सरासरी मूल्याच्या चार टक्के रक्कम धरली जाते, म्हणजे बाजार एका वर्षी कोसळला तरी शिष्यवृत्ती एकदम निम्मी होत नाही आणि महागाईतही मूळ निधी टिकून राहायला वाव मिळतो. व्यवस्थापनाचा खर्च टक्केवारीने कापला जातो, आणि तो किती हे करारातच छापलेले असते. हा खर्च जास्त आहे का, असे भावाने विचारले, तेव्हा मला अनुदान समितीच्या बैठका, ती पाहणी आणि आमच्याकडे आलेला तो हिशेबनीस आठवला, आणि त्याचे उत्तर मीच दिले.

एवढे सांगूनही दोन गोष्टींबद्दल मी प्रतिष्ठानाशी अजून भांडते. सल्ला-निधींत पैसे ठेवून वर्षानुवर्षे एकही शिफारस न करणारे देणगीदार असतात. अशा निधीतून ठरावीक काळात काही तरी बाहेर गेलेच पाहिजे, असा नियम प्रत्येक प्रतिष्ठानाने स्वतःहून करायला हवा. आमच्याकडे तो आहे, पण मुदत फार लांब आहे. दुसरी गोष्ट समितीची. अनुदान ठरवणाऱ्यांत उद्योजक, वकील, प्राध्यापक भरपूर असतात, आणि अनुदान ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे त्यांच्यातले कोणी क्वचितच असते. टोरंटोच्या प्रतिष्ठानाने २००१ पासून शहराच्या प्रकृतीचा सार्वजनिक अहवाल काढायची प्रथा पाडली, ती पुढे अनेक ठिकाणी गेली. तसा अहवाल उपयोगी असतो, हे मी मानते. पण गादी धुणाऱ्या माणसाशी अर्धा दिवस बोलणे आणि त्याला समितीत खुर्ची देणे, यांत फरक आहे. मी हे दोन्ही मुद्दे लेखी दिले आहेत आणि दुसऱ्यावर विचार चालू असल्याचे मला कळवले गेले आहे.

पहिल्या वाटपाचा कागद यंदा आला. निधीच्या हेतूत बसणारे पाच अर्ज त्यांनी छाननी करून पाठवले होते, प्रत्येकाबरोबर एक पानाचे टिपण होते, आणि आमची शिफारस विचारली होती. यादीत चौथे नाव आमच्याच संस्थेचे होते. घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना खाट आणि गादी नीट वापरायला शिकवण्याच्या वर्गांसाठी आमच्या सचिवांनी तो अर्ज केला होता, आणि मी या निधीशी संबंधित आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मी प्रतिष्ठानाला तसे लेखी कळवले आणि कागद सही न करता भावाकडे दिला. त्याने आणि बहिणीने दोन दिवस घेऊन दुसऱ्या क्रमांकाच्या संस्थेची शिफारस केली. ती रात्रपाळीला मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मुलींना परिचर्येच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करते.